वैज्ञानिकांचे व्यवसाय-प्रशिक्षण

प्रयोगशाळेत सिद्ध झालेले संशोधन बाजारात टिकू शकेल अशा उत्पादनाच्या, प्रक्रियेच्या वा सेवेच्या रूपात आणता यावे, म्हणून वैज्ञानिकांना व अभियंत्यांना व्यवसायविषयक ज्ञान आणि कौशल्ये देण्याची पद्धतशीर योजना. ग्राहकाची गरज ओळखणे, उत्पादन-परिव्यय काढणे, पेटंटादी बौद्धिक संपदेचे रक्षण करणे, परवान्याच्या अटी ठरविणे, भांडवल उभारणे आणि उद्योगसंस्था स्थापून ती चालविणे, या विषयांचा तीत समावेश होतो. सर्वसाधारण उद्योजकता-प्रशिक्षणाहून हे प्रशिक्षण एका बाबतीत वेगळे आहे. तेथे शिकणाऱ्याला व्यवसायासाठी वस्तू शोधावयाची असते. येथे वस्तू किंवा तिची कल्पना आधीच हाती असते आणि ती कोणाला, कोणत्या स्वरूपात व कोणत्या किंमतीस हवी आहे, हे शोधावयाचे असते.

गरज : संशोधनाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला की वैज्ञानिकाच्या दृष्टीने एक काम पुरे होते; कारखान्याच्या दृष्टीने ते तेथे सुरू होते. या दोहोंमधील अंतर प्रथमतः तांत्रिक असते. प्रयोगशाळेतील पात्राची लांबी, रुंदी व उंची दहापट केल्यास त्याचे घनफळ हजारपट होते, परंतु पृष्ठफळ केवळ शंभरपट होते. विक्रियेतील उष्णता घनफळाच्या प्रमाणात निर्माण होते आणि पृष्ठभागातून बाहेर पडते. त्यामुळे लहान पात्रात आपोआप थंड राहणारी विक्रिया मोठ्या पात्रात धोकादायक ठरू शकते. शीतनाची वेगळी व्यवस्था करावी लागते आणि प्रयोगशाळेत मांडलेला परिव्ययाचा हिशेब बदलतो. म्हणून मध्ये प्रायोगिक संयंत्राचा टप्पा घ्यावा लागतो. या टप्प्यास पैसा मिळणे सर्वांत अवघड असते. कारण संशोधनास अनुदान देणाऱ्यांना ते काम पुरेसे नवे वाटत नाही आणि भांडवल पुरविणाऱ्यांना ते पुरेसे निश्चित वाटत नाही.

दुसरे अंतर आर्थिक असते व ते प्रयोगशाळेत दिसून येत नाही. समजा, एका कारखान्यात प्रतिकिलो ५०० रुपये किंमतीचे एक साहाय्यक रसायन वर्षाला २,००० किलो लागते. त्याऐवजी ४५० रुपयांत तेच काम करणारे रसायन एका वैज्ञानिकाने शोधले, तर कारखान्याची वार्षिक बचत एक लाख रुपये होईल. परंतु नव्या रसायनाची चाचणी घेण्यासाठी उत्पादन एक दिवस थांबवावे लागून पाच लाखांचे नुकसान होणार असेल, तर ते भरून निघण्यास पाच वर्षे लागतील. पुरवठा एकाच लहान उत्पादकाकडून होणार, ही जोखीम निराळीच. अशा स्थितीत कारखानदाराने दिलेला नकार हा विज्ञानाविषयीच्या अनास्थेचा पुरावा नसून साधा हिशेब असतो. याउलट, त्याच रसायनामुळे सांडपाण्याच्या शुद्धीकरणावरील खर्च वर्षाला वीस लाखांनी घटत असेल, तर ते मूळ रसायनाहून महाग विकूनही ग्राहक मिळेल. वैज्ञानिकाने स्वस्ताईवर भर दिला असता कारखान्याची खरी अडचण सांडपाण्याची होती, हे त्याला कारखान्यात जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही. असे विचारण्याची रीत शिकविणे, हा या प्रशिक्षणाचा गाभा होय.

ऐतिहासिक आढावा : संशोधन व उद्योग यांची सांगड घालण्याचे संघटित प्रयत्न प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धानंतर झाले. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९५१ मध्ये आपल्या जमिनीवर औद्योगिक वसाहत सुरू केली. इंग्लंडमध्ये केंब्रिज येथील विज्ञान उद्यान १९७० मध्ये स्थापन झाले. अमेरिकेच्या १९८० च्या बे-डोल अधिनियमाने सरकारी पैशातून झालेल्या शोधांचे स्वामित्व विद्यापीठांना व लहान उद्योगांना घेता येऊ लागले आणि विद्यापीठांतून तंत्रविद्या-हस्तांतरण कार्यालये झपाट्याने वाढली. तथापि कायदा व कार्यालय असूनही अनेक शोध कागदावरच राहतात, हा अनुभव आल्यावर तेथील नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ मध्ये ‘आय-कोअर’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यात संशोधकांच्या लहान गटांना काही आठवडे प्रयोगशाळेबाहेर पाठवून संभाव्य ग्राहकांच्या मुलाखती घेण्यास लावतात. याच धर्तीवर भारतात मद्रास येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेतील गोपालकृष्णन-देशपांडे केंद्र २०१७ पासून प्रशिक्षण देत आहे.

भारतात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची स्थापना १९४२ मध्ये झाली. तिच्या प्रयोगशाळांतील शोध उद्योगांना परवान्याने देण्यासाठी १९५३ मध्ये राष्ट्रीय संशोधन विकास निगम स्थापन करण्यात आला. या व्यवस्थेत वैज्ञानिकाने प्रक्रियेचा अहवाल निगमाकडे सोपवावयाचा आणि निगमाने परवानेदार शोधावयाचा, अशी कामाची विभागणी होती. ती प्रशासनाच्या दृष्टीने सोईस्कर होती. पण शोध लावणारा व वापरणारा यांची गाठ फार उशिरा पडे. राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान उद्योजकता विकास मंडळ (१९८२) आणि अहमदाबाद येथील भारतीय उद्योजकता विकास संस्था (१९८३) यांच्या स्थापनेनंतर विज्ञान-पदवीधरांसाठी उद्योजकता-शिक्षणास चालना मिळाली. महाराष्ट्रात पुणे येथील ‘मिटकॉन’ ही सल्लागार संस्था १९८२ मध्ये आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ मध्ये स्थापन झाले. या संस्थांचा भर मुख्यतः नवा लघुउद्योजक घडविण्यावर होता. नोकरीत असलेला संशोधक हा त्यांचा प्रमुख शिक्षणार्थी नव्हता.

खडकी व पुणे परिसर : विज्ञान, उत्पादन आणि ग्राहक यांच्यातील संबंध किती भिन्न प्रकारचे असू शकतात, हे पुण्याच्या वायव्येस खडकीपासून पाषाणपर्यंत पसरलेल्या पट्ट्यात काही किमी. अंतरातच पहावयास मिळते.

१८१७ च्या लढाईनंतर खडकीस इंग्रजांची लष्करी छावणी वसली. तेथे १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना आणि १९४० मध्ये उच्च क्षमतेच्या स्फोटकांचा कारखाना सुरू झाला. दारूगोळा व सैनिकी स्फोटके यांची गुणवत्ता तपासणाऱ्या संस्थाही खडकीतच आहेत. शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेचे काम १९५८ मध्ये दारूगोळा कारखान्याच्या आवारात सुरू झाले व नंतर ती पाषाण येथे गेली. उच्च ऊर्जा द्रव्यांवर संशोधन करणारी प्रयोगशाळाही पाषाण भागातच आहे. या व्यवस्थेत वैज्ञानिकास ग्राहक शोधावा लागत नसे. सैन्यदले गरज कळवीत, प्रयोगशाळा आराखडा करी, तपासणी संस्था तो मान्य करी आणि सरकारी कारखाना उत्पादन करी. किंमत, स्पर्धा व विपणन हे प्रश्न वैज्ञानिकापर्यंत पोहोचत नसत. या पद्धतीत गुणवत्तेची शिस्त उत्तम निर्माण झाली. मात्र व्यवसायकौशल्याची आवश्यकता भासली नाही.

त्याच खडकीत १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. तिला डीझेल एंजिने शेतकऱ्यांना व कारखानदारांना विकावयाची होती. तिने उत्पादनाचा प्रारंभ ब्रिटिश तंत्रसाहाय्याने केला. स्वातंत्र्योत्तर काळातील बहुतेक भारतीय उद्योगांचा मार्ग हाच होता. परदेशी तंत्रविद्या महाग असली, तरी ती दुसरीकडे चाललेली असे व तिच्याबरोबर आराखडे, यंत्रसामग्री आणि हमी मिळे. शेजारच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतील नवी प्रक्रिया स्वस्त असूनही तिच्यामागे अशी हमी देणारा कोणी नसे. विकत घेणारा व शोध लावणारा एकाच गावात असूनही त्यांचा व्यवहार होऊ नये, याचे एक मोठे कारण या हमीच्या अभावात होते.

पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्‌घाटन ३ जानेवारी १९५० रोजी जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. या प्रयोगशाळेचा अनुभव प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. १९७० चा पेटंट अधिनियम १९७२ मध्ये अंमलात आल्यावर औषधे, अन्नपदार्थ व रासायनिक पदार्थ यांच्या बाबतीत केवळ प्रक्रियेचे पेटंट मिळू लागले. त्यामुळे ज्ञात पदार्थ नव्या मार्गाने तयार करण्याच्या संशोधनाला बाजारमूल्य आले आणि बा. द. टिळक व ल. कृ. दोरायस्वामी या संचालकांच्या कारकीर्दींत प्रयोगशाळेत रासायनिक अभियांत्रिकी व प्रक्रिया-विकास यांवर भर देण्यात आला. या काळातील एक ठळक उदाहरण म्हणजे झायलिनांच्या समघटकीकरणासाठी वापरावयाचा ‘एन्सिलाइट’ हा झिओलाइट उत्प्रेरक होय. पॉल रत्नसामी व त्यांचे सहकारी यांनी विकसित केलेल्या या उत्प्रेरकाचे उत्पादन असोसिएटेड सिमेंट कंपनीने केले आणि १९८५ मध्ये बडोदा येथील इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनच्या संयंत्रात तो वापरात आला. संशोधक, उत्पादक व ग्राहक हे तिघेही सुरुवातीपासून एकत्र असल्यामुळे चाचणीची जोखीम वाटली गेली. वर वर्णिलेले हमीचे कोडे येथे सुटले. पण ते प्रशिक्षणाने नव्हे, तर सहभागींच्या योग्य निवडीमुळे सुटले.

१९९१ नंतर आयातीवरील निर्बंध सैल झाले आणि आयात वस्तूला पर्याय देणे एवढ्यावर संशोधनाचे समर्थन होईनासे झाले. रघुनाथ माशेलकर १९८९ मध्ये या प्रयोगशाळेचे संचालक झाले. त्यांच्या काळात जागतिक कंपन्यांना विकता येईल असे ज्ञान निर्माण करणे व त्याची परदेशी पेटंटे घेणे, हे धोरण स्वीकारण्यात आले आणि बहुवारिकांच्या क्षेत्रात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी सहकार्य झाले. १९९५ मध्ये माशेलकर परिषदेचे महासंचालक झाल्यावर हेच धोरण देशभरच्या प्रयोगशाळांत नेण्यात आले. परिणामी वैज्ञानिकांना पेटंटाचे दावे वाचणे, गोपनीयतेचे करार समजून घेणे व ज्ञानाचे मोल ठरविणे, ही कामे शिकणे भाग पडले. १ जानेवारी २००५ पासून भारतात औषधे व रसायने यांनाही वस्तूचे पेटंट मिळू लागल्याने ही निकड आणखी वाढली [→ पेटंट].

२००७ मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आश्रयाने ‘व्हेंचर सेंटर’ हे केंद्र ना-नफा कंपनीच्या स्वरूपात सुरू झाले. द्रव्यविज्ञान, रसायनशास्त्र व जीवविज्ञान यांवर आधारलेल्या नव्या उद्योगांना ते प्रयोगशाळेची जागा, उपकरणे, नमुना-निर्मितीची साधने, पेटंटविषयक साहाय्य आणि मार्गदर्शन पुरविते. केवळ व्याख्यानांनी हे प्रशिक्षण पुरे होत नाही, ही त्यामागील कल्पना आहे. भाड्याने प्रयोगशाळा घेतलेला संशोधक दरमहाचा खर्च, कच्च्या मालाचा पुरवठा व ग्राहकाच्या तक्रारी यांतून जे शिकतो, ते वर्गात शिकविता येत नाही. जैवतंत्रविद्येच्या क्षेत्रात केंद्र सरकारने २०१२ मध्ये स्थापन केलेल्या ‘बायरॅक’ या संस्थेच्या प्रारंभिक अनुदान योजनेतून अठरा महिन्यांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते व ते अशा केंद्रांमार्फत दिले जाते. परवान्याच्या मार्गाचे अलीकडील उदाहरण म्हणून पुण्याच्या केपीआयटी या कंपनीबरोबर विकसित झालेल्या हायड्रोजन इंधन-घटावरील बसचा उल्लेख करता येईल. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि कराईकुडी येथील केंद्रीय विद्युत् रसायनशास्त्र संशोधन संस्था यांच्या सहभागाने तयार झालेली ही बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात सादर करण्यात आली.

खडकीतील संरक्षण उत्पादनाची चौकटही दरम्यान बदलली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन तेथील दोन्ही कारखाने ‘म्युनिशन्स इंडिया’ या सरकारी कंपनीकडे गेले. तिचे मुख्यालय पुण्यात आहे. संरक्षण-संशोधनातील तंत्रविद्या खाजगी उद्योगांना देण्याचे प्रमाणही वाढले. पुण्यातील दोन प्रयोगशाळांनी विकसित केलेल्या ‘पिनाक’ अग्निबाणांचे तंत्र नागपूरच्या एका खाजगी स्फोटक-उत्पादक कंपनीस देण्यात आले आहे. ग्राहक अजूनही मुख्यतः एकच, म्हणजे सैन्यदल, असला तरी उत्पादक अनेक झाल्यामुळे परिव्यय, करारातील जबाबदारी व वेळेचे मूल्य हे विषय आता संरक्षण-वैज्ञानिकांच्याही कक्षेत आले आहेत.

अभ्यासविषय : प्रशिक्षणाचे विषय सामान्यतः पुढीलप्रमाणे असतात. (१) सिद्धतेचे मूल्यमापन : तत्त्व समजल्यापासून प्रत्यक्ष वापरात टिकण्यापर्यंतच्या नऊ पातळ्यांपैकी शोध कोठे आहे, हे ठरविणे. ही श्रेणी अमेरिकेच्या ‘नासा’ या अवकाश संस्थेत प्रथम वापरात आली. (२) ग्राहकशोध : वापरणारा, पैसे देणारा व निर्णय घेणारा या तीन व्यक्ती पुष्कळदा भिन्न असतात, रुग्णालयात उपकरण शल्यचिकित्सक वापरतो, निवड व्यवस्थापन करते आणि खर्च रुग्णावर पडतो. (३) परिव्यय व किंमत : स्थिर व चल खर्च, खेळते भांडवल आणि ना-नफा-ना-तोटा बिंदू यांची गणिते. (४) बौद्धिक संपदा : शोध प्रसिद्ध करण्यापूर्वी पेटंटासाठी अर्ज करणे आवश्यक असते, काही मर्यादित अपवाद सोडल्यास आधी प्रसिद्ध झालेल्या शोधाचे नावीन्य कायद्याच्या दृष्टीने संपते. भारतात पेटंटाची मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे असते. (५) मार्गाची निवड : तंत्रविद्येचा परवाना देऊन स्वामित्वशुल्क घ्यावे, प्रस्थापित कंपनीबरोबर संयुक्त विकास करावा, की स्वतः कंपनी काढावी, याचा विचार. (६) नियम व प्रमाणके : औषधे, वैद्यकीय उपकरणे, स्फोटके इत्यादींच्या परवानग्यांना लागणारा काळ व खर्च आधीच हिशेबात धरणे. यांपैकी पाचवा विषय सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल. ज्या प्रक्रियेला शेकडो कोटींचे संयंत्र लागते, तिच्यासाठी नवी कंपनी काढणे व्यर्थ असते. तर अल्प प्रमाणात खपणाऱ्या, परंतु मोठ्या मूल्याच्या विशेष द्रव्यासाठी मोठी कंपनी परवाना घेण्यास सहसा उत्सुक नसते.

संस्थात्मक चौकट : प्रशिक्षित वैज्ञानिकाला त्या ज्ञानाचा उपयोग करण्याची मुभा नसेल, तर प्रशिक्षण निष्फळ ठरते. सरकारी सेवानियमांनुसार वैज्ञानिकास खाजगी व्यवसायात भाग घेता येत नसे. मे २००९ मध्ये केंद्र सरकारने सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संशोधनसंस्थांतील वैज्ञानिकांना त्यांच्या संशोधनावर आधारलेल्या उद्योगांत भागभांडवल धारण करण्याची, तसेच संस्थांना ज्ञानाच्या मोबदल्यात भाग घेण्याची परवानगी दिली. सार्वजनिक निधीतून झालेल्या शोधांच्या स्वामित्वासंबंधी बे-डोल अधिनियमाच्या धर्तीवरील विधेयक डिसेंबर २००८ मध्ये राज्यसभेत मांडण्यात आले होते. पण त्यावर बरीच टीका झाली व २०१४ मध्ये ते मागे घेण्यात आले. त्यामुळे भारतात हा विषय एका कायद्याऐवजी प्रत्येक संस्थेच्या धोरणाने नियंत्रित होतो. बढतीसाठी शोधनिबंधांची संख्याच मोजली जात असेल, तर उद्योगासाठी दिलेली तीन-चार वर्षे वैज्ञानिकाच्या सेवेतील उणीव ठरतात. म्हणून रजेची सोय, परत येण्याची हमी आणि मूल्यमापनाचे निकष यांना अभ्यासक्रमाइतकेच महत्त्व आहे.

मर्यादा व आक्षेप : या प्रशिक्षणावर काही मूलभूत आक्षेप घेतले जातात. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेले ज्ञान सर्वांचे असताना ते पेटंटाने बांधून विकणे कितपत योग्य, हा पहिला आक्षेप होय. याचे उत्तर विषयानुसार बदलते. जे ज्ञान खुले ठेवल्यास सहज वापरात येते, ते खुलेच ठेवणे इष्ट. परंतु ज्याच्या वापरासाठी कोणीतरी मोठी गुंतवणूक करणे आवश्यक आहे, ते संरक्षणाअभावी कोणीच हाती घेत नाही, असाही अनुभव आहे. दुसरा आक्षेप हितसंबंधांच्या संघर्षाचा आहे. मार्गदर्शक प्राध्यापकाची स्वतःची कंपनी असल्यास त्याच्या विद्यार्थ्याचा प्रबंध ज्ञानासाठी की कंपनीसाठी, हा प्रश्न उपस्थित होतो. विद्यार्थ्यांचे श्रम, प्रयोगशाळेची उपकरणे आणि निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचे स्वातंत्र्य यांविषयी लेखी नियम असणे म्हणूनच आवश्यक ठरते. तिसरा आक्षेप असा, की बाजाराकडे पाहून संशोधन केल्यास मूलभूत विज्ञानाची उपेक्षा होईल. तो दुर्लक्षणीय नाही. मात्र प्रत्येक वैज्ञानिकाने उद्योजक व्हावे, असा या प्रशिक्षणाचा हेतू नसतो. आपल्या शोधास ग्राहक नाही हे प्रायोगिक संयंत्र उभारण्यापूर्वीच ओळखून मूळ संशोधनाकडे परतणारा वैज्ञानिक हाही त्याचे यशच मानावयास हवा.

प्रशिक्षणाने मागणी निर्माण होत नाही, ही त्याची खरी मर्यादा होय. केवळ सर्वांत कमी किंमतीची निविदा स्वीकारण्याची खरेदीपद्धती, पूर्वी कोठे वापर झाला आहे याचा पुरावा मागणारी अट आणि चाचणीची जोखीम घेण्यास नाखूष असणारा ग्राहक यांच्यापुढे कुशल वैज्ञानिकही हतबल ठरतो. पुणे परिसराच्या अनुभवावरून असे दिसते, की जेथे पहिला ग्राहक प्रारंभापासून सहभागी होता, तेथे संशोधन कारखान्यापर्यंत पोहोचले. जेथे तो शेवटी शोधावा लागला, तेथे उत्तम संशोधनही बहुधा अहवालापुरते राहिले. वैज्ञानिकास व्यवसायाचे शिक्षण देण्याबरोबरच उद्योगांच्या व शासनाच्या खरेदी-अधिकाऱ्यांना नव्या तंत्रविद्येचे मूल्यमापन करण्याचे शिक्षण देणेही तितकेच आवश्यक आहे. हे दुसरे शिक्षण अद्याप बाल्यावस्थेत आहे.